नोटीस कोणाच्या पत्त्यावर?

नमस्कार मंडळी. वाचनालयाने बाहेरच्या फळ्यावर 'गांजा' हा शब्द एवढा मोठा लिहिलाय की आज पुढच्या चार रांगा कॉलेजच्या पोरांनी भरल्यात आणि आपली नेहमीची ज्येष्ठ मंडळी मागे सरकलीयेत. मला आवडलं हे. पण पोरांनो, आधीच सांगून टाकतो, गांजा चांगला की वाईट यावर मी बोलणार नाहीये, ते डॉक्टरांनी बोलावं. मी तीस वर्षं ग्राहक न्यायालयात वकिली केली, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न एकच येतो, की ह्या वस्तूने माणसाचं नुकसान केलं तर नोटीस कोणाला पाठवायची? गांजा कायदेशीर करा म्हणणारे स्वातंत्र्यावर बोलतात, करू नका म्हणणारे संस्कारांवर बोलतात, आणि हा नोटिशीचा प्रश्न दोघंही विचारत नाहीत. तो मला आज तुमच्यासमोर मांडायचाय.

२०१९ साली आम्ही दोघं मुलीकडे डेन्व्हरला गेलो होतो. संध्याकाळी फिरायला निघालो तर कोपऱ्यावर हिरव्या क्रॉसची पाटी, खाली लिहिलेलं डिस्पेन्सरी. आता आपल्याकडे डिस्पेन्सरी म्हणजे काय, तर डॉक्टरांचा दवाखाना. हिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हटलं इथेच विचारून घेऊ, तर मुलीने माझा हातच धरला, बाबा ते गांजाचं दुकान आहे! (हसा, हसा, ही सुद्धा तेव्हापासून हसतेय.) मग दोन दिवसांनी जावयाला घेऊन मुद्दाम गेलो. दारातच ओळखपत्र बघतात, एकवीस वर्षांखालच्याला आत सोडत नाहीत. घ्यायचं काही नव्हतं, पण मला पाकीट बघायचं होतं. वकील माणूस पाकिटाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते आधी बघतो. नंतर जावयाच्या शेजाऱ्याकडे गांजाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट मिळालं त्याचा मी फोटो काढून ठेवलाय, फोटोच, पाकीट आणलं नाही, एनडीपीएस, म्हणजे आपला अमली पदार्थांचा कायदा, माहीत असलेला माणूस असलं पाकीट घेऊन मुंबई विमानतळावर उतरत नाही.

त्या पाकिटावर लिहिलंय की एका गोळीत १० मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, आणि अख्ख्या पाकिटात १०० मिलिग्रॅम, त्याहून जास्त विकताच येत नाही. प्रत्येक गोळीवर, पाकिटावर नाही, गोळीवरच, चौकोनी खूण उमटवलेली. झाकण लहान मुलाला उघडणार नाही असं. आणि असर जाणवायला दोन तासही लागू शकतात अशी सूचना. हे सगळं पाहिल्यावर मी जावयाला म्हटलं, ह्यातल्या एकेका ओळीमागे कोणीतरी मेलेलं असणार बघ. कायद्यातला इशारा कधी आधी येत नाही, तो नंतरच येतो.

आणि तसंच निघालं. कोलोरॅडोत २०१२ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून गांजा कायदेशीर केला, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. मार्चमध्येच बाहेरच्या राज्यातून आलेला १९ वर्षांचा एक विद्यार्थी मित्रांबरोबर डेन्व्हरला आला, वय बसत नव्हतं म्हणून मित्राने कुकी घेतली. एका कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी. म्हणजे हिशेबाने साडेसहा जणांचा खुराक. मला सांगा, जगात कोण माणूस बिस्किटाचे साडेसहा भाग करून खातो? दुकानात सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एक तुकडा खाल्ला. अर्धा-पाऊण तास गेला, काहीच होईना, मग उरलेली सगळी खाल्ली. पुढच्या दोन-अडीच तासांत तो भलतंच बोलायला लागला, चिडायला लागला, आणि हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्याने उडी मारली. गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, ह्यावर अहवाल लिहिला, त्यातली ही माहिती आहे.

इथे जरा विज्ञान. धूर ओढला की काही मिनिटांत कळतं, माणूस आपोआप थांबतो. खाल्लं की आधी पोट, मग यकृत, यकृतात त्या टीएचसीचं आणखी जोरदार असं दुसरं द्रव्य तयार होतं, आणि ते डोक्यापर्यंत पोचायला तास-दोन तास जातात. वस्तू एकच, पण खायचा प्रकार बदलला की धोका पूर्ण वेगळा. आपल्याकडे हे जुन्या लोकांना नीट ठाऊक होतं बरं का. आमचे एक काका उत्तरेत नोकरीला होते, तिथे शिवरात्रीला भांगेची थंडाई व्हायची, ते सांगायचे की वाटणारा म्हातारा नवीन माणसाला अर्धा पेलाच द्यायचा आणि दम भरायचा, आता दोन तास परत मागायला यायचं नाही, जेवून घे आणि इथंच बस. तो म्हातारा म्हणजेच लेबल होता हो! डोस किती, असर कधी, सोबत कोण, सगळं त्याच्याकडे. आपण म्हातारा काढून टाकला आणि त्याच्या जागी चकचकीत पाकीट आणलं, तर म्हाताऱ्याचं ज्ञान पाकिटावर यायला नको?

त्यानंतरच्या महिन्यात तिथेच आणखी एक प्रकरण झालं, एका नवऱ्याने गांजाची कँडी खाल्ली, त्याला भास व्हायला लागले, बायको पोलिसांशी फोनवर बोलत असतानाच त्याने तिला गोळी घातली. पुढे त्याला ३० वर्षं झाली. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की २०१६ साली त्या जोडप्याच्या मुलांच्या वतीने कँडी बनवणारा आणि विकणारा या दोघांवर दावा लागला. म्हणणं असं की असे भास होऊ शकतात, संशयाने माणूस पिसाळू शकतो, हे तुम्ही पाकिटावर का नाही सांगितलं? बघा, दावा लावता आला. कारण पाकिटावर पत्ता होता.

आता मी जरा निफाडला जाणार आहे, अध्यक्ष महाराज घड्याळ बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माझा मामेभाऊ द्राक्षवाला. २०१० चा सीझन इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. युरोपला माल गेला आणि तिथे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले, म्हणजे आपलं लिहोसीन. एप्रिल छाटणीनंतर शेंडा फार पळू नये, काडी तयार व्हावी, घड धरावा म्हणून सगळेच मारायचे. आता एप्रिल-मेमध्ये मारलेलं औषध पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात निघेल हे कोणाच्या ध्यानीमनी? माल जायच्या आधी लॅबमध्ये तपासणी झाली होती, रिपोर्ट स्वच्छ होता, कारण ज्या औषधांची यादी तपासायची होती त्या यादीत हे औषधच नव्हतं. कंटेनर तिकडे अडकले. भावाला पैसे तर सोडाच, वर एक्स्पोर्टरचं पत्र आलं की तिकडे झालेला खर्च तुमच्या खात्यात नावे टाकलाय.

तो रात्री नऊ वाजता माझ्याकडे आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत औषध दुकानाची बिलं, लॅबचा रिपोर्ट, एक्स्पोर्टरचा करार, सगळं घडी घालून. जेवला नाही. म्हणाला, दादा, नोटीस कोणाला पाठवू तेवढं सांग. आणि मंडळी, मला सांगता येईना. दुकानदार म्हणतो मी फक्त विकलं, कंपनीला विचारा. कंपनीचा माणूस म्हणतो औषधात दोष काहीच नाही, तुम्ही किती मारलं, कधी मारलं त्याची नोंद दाखवा. एक्स्पोर्टर करारावर बोट ठेवतो. लॅब म्हणते आम्हाला दिलेल्या यादीप्रमाणे आम्ही तपासलं. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर, आणि मधे माझा भाऊ उभा, दोन एकर बाग आणि सोसायटीचं कर्ज घेऊन. तरी मी दावा टाकला. पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाने विचारलं, औषधाची बाटली कुठंय? बाटली! ती तर वहिनीने भंगारवाल्याला दिलेली. बॅच नंबर नाही, लेबल नाही, पुरावा नाही. संपलं. त्या वर्षी त्याने एक एकर बाग तोडली. कुऱ्हाड लावली त्या दिवशी मी तिथे होतो, वेलीचं खोड मनगटाएवढं जाड झालेलं, अकरा वर्षांची बाग. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण तो प्रश्न मला अजून सोडत नाही.

म्हणून डेन्व्हरला जावयाने सांगितलं की इथे गांजाच्या प्रत्येक झाडाला टॅग असतो, रोपापासून विक्रीपर्यंत त्याची नोंद सरकारी सिस्टीममध्ये राहते, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर वहिनीची बाटली आली. अरे, गांजाच्या झाडाला पत्ता आहे आणि माझ्या भावाच्या औषधाला नव्हता!

आणि योगायोग बघा, तिथेही औषध फवारणीचं प्रकरण झालंच. आपल्या द्राक्षवाल्यांना मायक्लोब्युटॅनिल माहीत आहे, भुरीवर, म्हणजे पानावर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीवर, मारतात. गांजालाही भुरी येते. डेन्व्हरमध्ये ह्या औषधावरून अधिकाऱ्यांनी हजारो झाडं अडकवून ठेवली, आणि २०१५ मध्ये दोन ग्राहकांनी एका मोठ्या उत्पादकावर दावा लावला. मुद्दा साधा होता, द्राक्ष आपण खातो, गांजा जाळतो, आणि हे औषध तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. म्हणजे द्राक्षावर चालणारी गोष्ट गांजावर चालेलच असं नाही. न्यायालयाने दावा काढून टाकला, कारण त्या दोघांना प्रत्यक्ष काही इजा झालीय असं त्यांचंच म्हणणं नव्हतं. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. विष ओढायला दिलं, आणि आधी आजारी पडून या मग ऐकतो, हे ग्राहक कायद्याचं तत्त्व होऊ शकत नाही.

बरं, पहिली चिठ्ठी आली. वीस मिनिटं उरलीत. विषयाचं मूळ आता सांगतो.

कंपनीने निष्काळजीपणा केला हे सिद्ध न करताही, वस्तू सदोष होती आणि तिने इजा झाली एवढ्यावर कंपनीला जबाबदार धरायचं, हा विचार अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी पुढे आणला. १९४४ मध्ये एका वेट्रेसच्या हातात कोका-कोलाची बाटली फुटली त्या खटल्यात त्यांनी वेगळं मत लिहिलं, तेव्हा ते एकटे होते. १९६३ मध्ये तेच मत अख्ख्या कोर्टाचं झालं, बायकोने ख्रिसमसला भेट दिलेल्या सुतारकामाच्या मशीनमधून लाकडाचा तुकडा उडून नवऱ्याच्या कपाळावर बसला ती केस. एकोणीस वर्षं लागली, पण झालं. मग १९६५ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने हे तत्त्व कलम ४०२-ए म्हणून लिहून काढलं, आणि त्याखाली एक टीप घातली, टीप 'आय'. ही टीप मी वकिलीच्या सुरुवातीला वाचली आणि आज पुन्हा वाचून आलोय.

त्यात असं म्हटलंय की चांगली व्हिस्की केवळ माणसाला चढते म्हणून सदोष ठरत नाही, पण अशुद्ध तेलकट द्रव्यं जास्त झालेली खराब व्हिस्की सदोष. चांगलं लोणी रक्तवाहिन्यांत चरबी साठवत असेल तरी सदोष नाही, पण विषारी माशाचं तेल मिसळलेलं लोणी सदोष. आणि चांगली तंबाखू, ओढून अपाय होत असला तरी, सदोष नाही, पण मारिजुआनासारखं काही मिसळलेली तंबाखू सदोष ठरू शकते. लक्षात आलं का? १९६५ मध्ये त्या विद्वानांनी गांजाला लोण्यातल्या विषारी तेलाच्या रांगेत बसवलं होतं. तंबाखू म्हणजे लोणी, गांजा म्हणजे भेसळ. आज चोवीस-पंचवीस राज्यांत ती भेसळच पाकिटात घालून, कर भरून विकली जातेय. मग आता 'चांगला गांजा' म्हणजे कोणता? त्याची व्याख्या कोण करणार?

माझं उत्तर त्याच टिपेत आहे. तिचा पाया असा की सामान्य गिऱ्हाइकाला जो धोका समाजात सगळ्यांना असलेल्या माहितीतून कळतो, त्याच्यापलीकडचा धोका असेल तर वस्तू सदोष. व्हिस्की चढते हे पोराटोरांना माहीत आहे. पण साडेसहा जणांचा खुराक एका बिस्किटात बसवलाय आणि तो दोन तासांनी चढणार, हे कोणाला माहीत होतं? त्या १९ वर्षांच्या मुलाला तर नव्हतंच. तेव्हा ओढायची गांजाची फुलं विकणारा आणि बिस्किट विकणारा यांना एकाच तराजूत घालायचं नाही. बिस्किट करणाऱ्याने धोक्याचा आकारच बदलला, जबाबदारी त्याची जास्त.

दुसरी चिठ्ठी. ठीक आहे, पळतो आता.

अमेरिकेतल्या तंबाखूची गोष्ट भराभर. १९६४ ला सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांचा, सिगारेटच्या अपायावर अहवाल आला, पाठोपाठ पाकिटावर इशारा आला, आणि आपल्याला वाटतं लोक जिंकले. पण तोच इशारा कंपन्यांनी ढाल म्हणून वापरला, आम्ही सांगितलं होतं, तुम्ही ओढलंत. १९९२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही सिपोलोन खटल्यात म्हटलं की केंद्राचा इशारा छापलेला असल्यावर इशारा कमी होता अशी तक्रार राज्याच्या कायद्याखाली करता येणार नाही, लपवाछपवीचे आणि फसवणुकीचे दावे मात्र चालतील. १९९४ मध्ये सात कंपन्यांचे प्रमुख संसदेसमोर शपथेवर बसून म्हणाले की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. शेवटी माणसांनी नाही, राज्यांनी दावे लावले, दवाखान्यांचा खर्च द्या म्हणून, आणि १९९८ मध्ये ४६ राज्यांबरोबर तडजोड झाली, पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर. चौतीस वर्षं लागली, मधे किती माणसं गेली. गांजात हे पुन्हा नको असेल तर इशारा छापला म्हणजे जबाबदारी संपली, हे वाक्य कुठल्याही कायद्यात येऊ देता कामा नये.

उलट बाजूही सांगतो, कारण मी बंदीच्या बाजूचा नाहीये. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगने, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढल्याने, फुप्फुसं खराब होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात, ६८ मृत्यू. बऱ्याच जणांनी टीएचसीची चोरबाजारातली काडतुसं, म्हणजे ई-सिगारेटमध्ये बसवायच्या भरलेल्या नळ्या, ओढली होती, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं. त्या घरच्यांनी नोटीस कोणाला पाठवायची? गल्लीतल्या पोराला? आपल्याकडे २०१५ ला मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, फौजदारी खटला चालला, पण त्या विधवांनी भरपाईचा दावा कोणत्या कारखान्याच्या पत्त्यावर लावायचा? बंदी घातलेल्या मालाला पत्ता नसतो. कायदेशीर करण्याच्या बाजूने माझ्याकडे एवढा एकच मुद्दा आहे, पण तो मला फार मोठा वाटतो.

आता भारत, दोन मिनिटांत. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरस धरतो, नुसती पानं म्हणजे भांग त्यात येत नाही, ती राज्यांकडे. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यात भांगही आहे, पण जैसलमेरला जा, सरकारमान्य भांगेचं दुकान आहे आणि तिथे भांगेची कुकी मिळते. म्हणजे ती डेन्व्हरची कुकी आपल्या देशात आधीपासून आहे! आणि आपल्याकडे आता प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे सदोष वस्तूच्या जबाबदारीचा, कायदाही आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २०२० च्या जुलैपासून लागू. कलम ८४ म्हणतं की बनवण्यात दोष, डिझाइनमध्ये दोष, किंवा पुरेशी सूचना-इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार. माझ्या भावाच्या वेळी हे कलम असतं तर मी वेगळा दावा लिहिला असता.

पण त्याच्यापुढचं कलम ८७ वाचा, घरी जाऊन वाचा. जो धोका उघड आहे किंवा सगळ्यांना माहीत असतो, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही. उद्या भांगेच्या कुकीने कोणी गॅलरीतून उडी मारली की कंपनीचा वकील पहिलं वाक्य काय बोलेल? भांग चढते हे कोणाला माहीत नाही, साहेब! आणि दुसरी गोष्ट, वस्तू वापरताना माणूस दारूच्या अमलाखाली असेल तर इशाऱ्याबद्दलचा दावाच टिकत नाही असंही तिथे लिहिलंय. आता नशेच्या मालाचं गिऱ्हाईक दोन पेग घेतलेलं असण्याची शक्यता किती? आणि दारूबरोबर घेऊ नका हाच तर छापायला हवा असलेला इशारा. तो छापला नाही म्हणून माणसाने घेतलं, आणि घेतलं म्हणून त्याचा दावा गेला. हे कलम मिक्सर आणि कटर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असणार, नशेच्या मालाला ते जसंच्या तसं लावलं तर गिऱ्हाइकाच्या हातात काहीच राहत नाही.

तेव्हा उद्या कुठल्याही विधानसभेत हा विषय आला, तर परवाना किती रुपयांना आणि कर किती टक्के याच्या आधी मला विधेयकात तीन गोष्टी हव्यात, एक म्हणजे कलम ८७ मधल्या ह्या दोन सवलती खायच्या नशेच्या मालाला नकोत, दुसरं उत्पादकाने परवान्याआधी भरपाईचा विमा दाखवावा, कारण दावा जिंकला आणि कंपनी गायब असं मी खूप पाहिलंय, आणि तिसरं बॅच नंबर आणि नमुना उत्पादकाने जपायचा, गिऱ्हाइकाने नाही. वहिनीने बाटली भंगारात दिली म्हणून दावा पडता कामा नये.

तिसरी चिठ्ठी आली, आणि ही अध्यक्षांच्या स्वतःच्या अक्षरातली आहे, त्यामुळे थांबतो. पाकिटाचा फोटो ज्यांना बघायचाय त्यांनी खाली या, मागची बाजू मोठी करून दाखवतो, अगदी तळाशी बारीक अक्षरात परवाना नंबर आहे तो बघा.